विश्लेषण : पिस्तुले लाखो, दुर्मीळ मात्र ५००… ब्राऊनिंग यांच्या शस्त्रांचे मोल कशावर ठरते?

शिलाई मशीनमुळे घरोघरी पोहोचलेल्या सिंगर कंपनीने १९४१ मध्ये अमेरिकी लष्कराला ५०० पिस्तुले बनवून दिली होती. त्याच घडणीची पिस्तुले इतर कारखान्यांनी लाखोंच्या संख्येने बनवली. तरीही सिंगरचे नाव कोरलेल्या, मूळ स्थितीतील पिस्तुलासाठी संग्राहक लाखाहून अधिक डॉलर मोजतात. या पिस्तुलाचे रचनाकार जॉन मोझेस ब्राऊनिंग यांचे आयुष्य मात्र ढिगाने बनवता येतील अशी शस्त्रे घडवण्यात गेले.

कोण होते ब्राऊनिंग?

अमेरिकेतील युटाच्या ऑग्डेन गावी २३ जानेवारी १८५५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जोनाथन बंदुका बनवत. त्यांच्या दुकानातल्या भंगारातून हा मुलगा लहानपणीच बंदुका जुळवू लागला. १८७९ मध्ये एकेरी गोळीच्या रायफलीचे पेटंट मिळाले आणि भावांना हाताशी धरून त्यांनी ती गावातच बनवायला घेतली. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा अधिकारी थेट ऑग्डेनला आला आणि ८ हजार डॉलर मोजून हक्क घेऊन गेला. पुढे ही रायफल विंचेस्टरच्या नावाने मोठ्या प्रमाणावर विकली गेली. भावांच्या दुकानात बनलेल्या काही शे रायफलींचा संग्राहक आजही शोध घेतात.

विंचेस्टरने त्यांच्या अनेक रचना विकत घेतल्या, पण त्यातल्या बऱ्याच कधी बनवल्याच नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत, एवढाच हेतू. अशा रचनांचे एकुलते नमुने संग्रहालयांत आहेत. ते बाजारात येत नाहीत, म्हणून त्यांना भावही नाही!

विंचेस्टरशी फारकत का?

स्वयंचलित शॉटगनवर ब्राऊनिंग यांना प्रत्येक नगामागे मानधन हवे होते. कंपनी एकरकमी पैशांवर अडून बसली. १९०२ मध्ये संबंध तुटले. ते रेमिंग्टनकडे गेले, तर भेटीच्या दिवशीच तिथल्या अध्यक्षांचे निधन झाले. मग त्यांनी बेल्जियमची एफएन कंपनी गाठली. पिस्तुलांसाठी अमेरिकेत कोल्ट कंपनी होतीच. मार्च १९११ मधील चाचणीत त्यांच्या पिस्तुलाने ६ हजार गोळ्या न अडखळता झाडल्या आणि अमेरिकी लष्कराने ते स्वीकारले. तेच ‘एम १९११’.

सिंगरचे पिस्तूल वेगळे कसे?

घडणीत वेगळे असे काहीच नाही. नागरी कारखाने पिस्तुले बनवू शकतील का, हे पाहण्यासाठी लष्कराने सिंगरला छोटी मागणी दिली. काम उत्तम झाले. पण सिंगरचे अचूक यंत्रकौशल्य विमानवेधी तोफांच्या नेमसाधनांसाठी वापरायचे ठरले आणि पिस्तुलांची यंत्रसामग्री इतरांकडे गेली. रेमिंग्टन रँड या टाइपरायटरवाल्या कंपनीने याच पिस्तुलाचे ८ लाखांहून अधिक नग बनवले. सिंगरचा आकडा ५०० वरच थांबला. तेही युद्धावर गेले. काही हरवले, काहींचे सुटे भाग दुरुस्तीत अदलाबदल झाले.

खरे मोल इथे ठरते. वरचा सरकता भाग आणि खालचा सांगाडा मूळ जोडीचा हवा, निळसर काळा मुलामा कारखान्यातलाच हवा. चकाकी यावी म्हणून नवा मुलामा चढवला, की किंमत कोसळते. सिंगरचे नाव मागाहून कोरलेली बनावट पिस्तुलेही आहेत. त्यामुळे जाणकार आधी क्रमांक पाहतात. तो ‘एस’ या अक्षरानंतर ८००००१ ते ८००५०० यांदरम्यान असावा लागतो.

याउलट, विंचेस्टरने १९६६ मध्ये शताब्दीनिमित्त ब्राऊनिंग यांच्याच १८९४ च्या रायफलीची सोनेरी मुलाम्याची खास आवृत्ती काढली. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी ती जपून ठेवली. एक लाखाहून अधिक नग आणि जवळपास सगळेच जपलेले. मग भाव कुठून येणार?

ब्राऊनिंग यांनी हा बाजार पाहिला नाही. नावावर १२८ पेटंट असलेल्या या माणसाचे २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्ये, एफएनच्या कारखान्यातच हृदयविकाराने निधन झाले. अपुरे राहिलेले त्यांचे शेवटचे पिस्तूल एफएनमधील सहकारी द्यूदोने सैव यांनी पूर्ण केले. १९३५ मध्ये ‘हाय पॉवर’ नावाने आलेले ते पिस्तूलही लाखोंनी बनले.