अमेरिकेची राज्यघटना, हरेगाव आणि बाबासाहेब

स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक गाइडमध्ये एक तक्ता असतो. संसदीय पद्धत ब्रिटनकडून, मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडकडून, मूलभूत हक्क आणि न्यायालयीन पुनर्विलोकन अमेरिकेकडून. श्रीरामपूर भागातल्या आमच्या अभ्यासवर्गात दरवर्षी कुणीतरी हा तक्ता घडाघडा म्हणून दाखवतं आणि मागच्या रांगेतून हमखास प्रश्न येतो की सगळं उसनंच असेल तर बाबासाहेबांनी केलं काय? विचारणारी मुलं आपलीच असतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, कारण तक्त्यात देशांची नावं असतात, पण त्या देशाचा अनुभव नसतो. बाबासाहेबांनी अमेरिकेकडून काय घेतलं आणि काय मुद्दाम घेतलं नाही, हे त्यांच्या आयुष्याच्या क्रमानेच पाहावं लागतं.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम घेतले. राज्यशास्त्राचे फक्त तीन. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हा आकडा फार बोलका वाटतो. पुढे राज्यघटनेचा मसुदा करणारा हा माणूस तिथे प्रामुख्याने पैसा, इतिहास आणि समाज शिकत होता. जातिव्यवस्थेवरचा त्यांचा पहिला शोधनिबंध ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रातच वाचला गेला.

ज्या देशात ते राहत होते, त्याची राज्यघटना १७८७ मध्ये फिलाडेल्फियात लिहिली गेली. तिचा सांगाडा सोपा आहे. कायदे करणारी काँग्रेस, कारभार पाहणारा राष्ट्राध्यक्ष आणि न्यायनिवाडा करणारं सर्वोच्च न्यायालय, अशी सत्तेची तीन ठिकाणी वाटणी. कुणा एकाने डोईजड होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचा लगाम. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी येतो आणि विधिमंडळातल्या बहुमतावर त्याची खुर्ची अवलंबून नसते. काँग्रेसची दोन सभागृहं आहेत, एकात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच. राज्यांना स्वतःच्या राज्यघटना आहेत, नागरिकत्वही दुहेरी. १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्यांनी नागरिकांचे हक्क लिहून ठेवले.

पण याच राज्यघटनेत गुलामांचा हिशेबही होता. राज्याला किती प्रतिनिधी मिळणार हे ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली जात. मताचा अधिकार गुलामाला नव्हता, त्याच्या डोक्याचा फायदा मालकाच्या राज्याला मिळायचा. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचं समान संरक्षण दिलं आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्याला बंदी केली. १८७५ मध्ये खाणावळी, वाहनं, नाटकगृहं सर्वांना खुली करणारा कायदाही झाला.

तो कायदा आठ वर्षं टिकला. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी माणसाला नाही. खाणावळवाल्याने काळ्या माणसाला दारातून परत पाठवलं तर राज्यघटनेचा भंग होत नाही. पुढे १८९६ मध्ये रेल्वेचे वेगळे डबेही न्यायालयाने मान्य केले. भीमराव न्यूयॉर्कला उतरले त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारी खात्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली होती. कागदावर तिन्ही दुरुस्त्या शाबूत होत्या.

आता हेच आपल्या गावात आणून बघा. पाणवठ्यावर अडवणारा सरकारी नोकर नसतो. किराणा बंद करणारा, दळण न देणारा, मजुरीवरून काढणारा, सगळे खासगीच. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्येच ठरावाने खुलं केलं होतं, तरी मार्च १९२७ मध्ये तिथे पाणी प्यायला गेलेल्या माणसांची डोकी फुटली. हक्क मिळाला आणि हक्क चालला, यांतलं अंतर बाबासाहेबांनी दोन्ही खंडांत पाहिलं.

मधली वर्षं मी भराभर ओलांडते. लंडन, बडोद्यातली मानहानी, बहिष्कृत हितकारिणी सभा, गोलमेज परिषद हे आपल्याला माहीत आहे. एक गोष्ट मात्र सहसा सुटते. कोलंबियाने त्यांना १९२७ मध्ये ज्या प्रबंधावर पीएच.डी. दिली, त्याचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांची अर्थव्यवस्था. म्हणजे केंद्र आणि प्रांत यांच्यात तिजोरी कशी वाटली जाते. संघराज्य त्यांनी आधी जमाखर्चाच्या बाजूने समजून घेतलं होतं.

१९३९ हे वर्ष मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. जानेवारीत पुण्याच्या गोखले संस्थेत त्यांनी १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्याची चिरफाड केली. त्या योजनेत संस्थानांचे प्रतिनिधी प्रजा निवडणार नव्हती, राजे नेमणार होते. अमेरिकेत मात्र प्रत्येक घटकराज्यात प्रजासत्ताक पद्धतच राहील, याची हमी राज्यघटनेतच आहे. त्याच वर्षी डिसेंबरात ते आपल्या नगर जिल्ह्यात, हरेगावला आले. महार, मांग आणि वेठियांची परिषद होती, प्रश्न होता वतनी जमिनींवर लादलेल्या जादा आकारणीचा.

वतन म्हणजे काय हे तरुणांना आता आजोबांकडूनच कळतं. तुकडाभर जमीन आणि बलुतं यांच्या बदल्यात चोवीस तास सरकारची आणि गावाची चाकरी. घरचा पुरुष नसला तर त्याच्या घरचं कुणीही कामाला धरायचं. वतनाचा कायदा १८७४ चा, म्हणजे अमेरिकेने सक्तीची चाकरी राज्यघटनेतून हद्दपार केल्यानंतर नऊ वर्षांनी झालेला. बाबासाहेबांनी त्यात दुरुस्तीचं विधेयक १९२८ मध्येच मुंबई कौन्सिलात आणलं होतं. पुण्याचं व्याख्यान विद्वानांचं आणि हरेगावची परिषद आंदोलनाची, असं वेगळं काढायची आपल्याला सवय लागली आहे. मला दोन्हीकडे एकच प्रश्न दिसतो. ज्याच्या हाती तुमची भाकरी आहे, त्याच्याच हाती तुमचा हक्क सोपवला तर काय होईल?

१९४६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी जे निवेदन तयार केलं, त्यात अमेरिकेची छाप उघड आहे. देशाचं नाव भारताची संयुक्त संस्थानं, कार्यकारी मंडळ विधिमंडळाने मुदतीआधी पाडता न येणारं, भेदभावाविरुद्धची कलमं अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतलेली. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची तरतूद मात्र अमेरिकेत सापडणारी नव्हती, ती ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्यावरून घेतली. हे निवेदन आपल्याकडे जयंतीच्या भाषणात नावापुरतं येतं. माझ्या मते ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणाइतकंच ते वाचायला हवं.

त्या दिवशी मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेशी तुलना सविस्तर केली आणि बऱ्याच ठिकाणी वेगळी वाट धरली. राष्ट्राध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, म्हणून मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली, असं त्यांनी समजावलं. आपल्या आधीच्या योजनेपासून ते इथे दूर गेले. ते मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बोलत होते, एका पक्षाचे नेते म्हणून नव्हे, हे विसरू नये. दुहेरी नागरिकत्व टाळलं, न्यायव्यवस्था एकच ठेवली. खेडं हा राज्यकारभाराचा पाया मानायला तर त्यांनी साफ नकार दिला आणि त्यावरून सभागृहात बरीच टीकाही ओढवून घेतली.

आणि १८८३ ची फट? कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ती सरकारपुरती नाही, कुणीही पाळली तरी. घटना समितीने हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर केलं. कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव ही नावं घेऊन लिहिली आहेत. कलम २३ ने वेठबिगार बंद केली. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा राज्य घेऊ शकतं, पण त्यात जातीवरून भेद करता येणार नाही, ही अट तिथेच आहे. ती वाचताना मला वतनदार महाराची काठी आठवते.

आपल्या जिल्ह्यात ही कलमं कशी चालतात? सोनईत २०१३ मध्ये तिघांचे खून झाले. खटला नाशिकला वर्ग झाला आणि २०१८ मध्ये तिथे आरोपी दोषी ठरले. खर्ड्यात २०१४ मध्ये शाळकरी मुलगा मारला गेला. तो खटला नगरला चालला, साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. दोन खटल्यांत फरक अनेक असतील. पण साक्षीदाराला साक्ष देऊन पुन्हा त्याच गावात, त्याच मालकाच्या शेतावर मजुरीला जावं लागतं, हे मी कामानिमित्त फिरताना पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हाही अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. त्या बेकायदा ठरवणारा निकाल मे १९५४ मध्ये आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. ज्या वतनाविरुद्ध ते १९२८ पासून झगडत होते, ते रद्द करणारा कायदा १९५८ चा. तो अमलात आला १ ऑगस्ट १९५९ रोजी, हरेगावच्या परिषदेनंतर जवळपास वीस वर्षांनी.