पुलंची पेटी आणि कंपवात

पु. ल. देशपांडे म्हटलं की आपल्याला अंतू बर्वा आठवतो, चितळे मास्तर आठवतात. पेटी पुढ्यात घेऊन बसलेले पुलं त्या मानाने मागे राहतात. लिहिणं आणि रंगमंच हे त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले; पेटी मात्र शेवटपर्यंत हौसच राहिली. या हौसेबद्दल आणि त्यांना उतारवयात जडलेल्या आजाराबद्दल आज थोडं बोलू.

पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईचा. बालपण पार्ल्यात गेलं. आजोबा वामन मंगेश दुभाषी यांनी रवींद्रनाथांची गीतांजली मराठी अभंगांत आणलेली, त्यामुळे शब्द आणि सूर दोन्ही घरातच होते. भास्कर संगीतालयाच्या दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे ते पेटी शिकले. पुढे वकिलीची पदवी घेतली, एम. ए. केलं, बेळगाव आणि मुंबईच्या महाविद्यालयांत शिकवलं. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाची कथा, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका एकट्याने पेलली. मोराला नाचायला बोलावणारं जे बालगीत आजही अंगणवाडीत घुमतं, त्याची चाल पुलंचीच. माणिक वर्मा, ज्योत्स्ना भोळे यांनी गायलेल्या त्यांच्या चाली घरोघरी पोचल्या.

पण त्यांची पेटी खरी रंगायची ती मित्रांच्या बैठकीत. वसंतराव देशपांडे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूरचे. वसंतराव अनेक वर्षं सरकारी हिशेब खात्यात नोकरी करत गाणं सांभाळत होते. त्यांच्या गाण्याला साथ करायला पुलं पेटी घेऊन बसत. एक कारकुनी सांभाळून गाणारा, दुसरा लेखणी बाजूला ठेवून वाजवणारा. दोघांनाही समोर बसलेल्यांना आनंद वाटायचा होता, आणि तो वाटताना स्वतःलाही मिळत होता.

गंमत अशी की पेटीला त्या काळी मोठ्या दरबारात मान नव्हता. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून निघालं आणि पियानोसारख्याच काळ्यापांढऱ्या पट्ट्या घेऊन आपल्याकडे आलं. पियानोत हातोडी तारेवर आपटते, पेटीत भात्याची हवा पितळी पात्या थरथरवते. पट्ट्यांचे सूर ठरलेले, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला दाखवता येत नाही. याच कारणाने १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. पुलं १९५५ मध्ये त्याच रेडिओच्या नोकरीत रुजू झाले. ज्या खात्यात पेटी वर्ज्य, तिथे दिवसभर काम आणि संध्याकाळी घरी पेटी, असा तो संसार होता.

डॉक्टर म्हणून मला या वादनात वेगळंच काही दिसतं. डावा हात भाता हलवतो, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर धावतात, कान गायकाकडे आणि डोळे समेची वाट बघत. मेंदूचे किती भाग एकाच वेळी कामाला लागले बघा! लहानपणापासून वाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या-उजव्या भागांना जोडणारा पूल इतरांपेक्षा जाड आढळतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. पुलंची शिकण्याची भूकही वयाला जुमानणारी नव्हती. पन्नाशीच्या सुमारास ते शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले.

एवढं सगळं असूनही उतारवयात त्यांना पार्किन्सन्स जडला. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो, कला ही काही लस नाही. पेटी वाजवली म्हणून कंपवात टळत नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो डोपामिन नावाचं रसायन बनवतो आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सहज होतात. या पेशी हळूहळू मरू लागतात आणि हाताचा कंप दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. मग हालचाल मंदावते, अंग ताठरतं, अक्षर बारीक होत जातं, आवाज खोल जातो, चेहऱ्यावरचे भाव गोठल्यासारखे होतात. लिहिणं, बोलणं, चेहरा आणि बोटं. ज्यांच्या जोरावर पुलंनी महाराष्ट्राला हसवलं आणि डोलवलं, नेमक्या त्याच गोष्टींना हा आजार हात घालतो. १२ जून २००० रोजी पुण्यात ते गेले. १९४६ साली याच तारखेला त्यांचं आणि सुनीताबाईंचं लग्न झालं होतं.

मग या हौसेचा उपयोग काय? एक तर कंपवातात हालचाल अडली तरी गाण्याची ओळख सहसा बराच काळ टिकते. दुसरं, पाऊल जागच्या जागी थिजलेल्या रुग्णाला ठेका ऐकवला तर पाऊल पुढे पडायला मदत होते. आतलं घड्याळ अडखळतं तेव्हा बाहेरचा ताल आधार देतो. आणि तिसरं, निरोगी असणं म्हणजे नुसता आजार नसणं नव्हे. पुलं आणि सुनीताबाईंनी १९६५ मध्ये प्रतिष्ठान काढलं आणि मिळकत समाजाकडे वळवली. पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं त्यातही त्यांची मदत होती. माणसांत मिसळून जगलेलं हे आयुष्य आजाराच्या वर्षांनी लहान होत नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर असो की घाटाखाली, गावोगावी भजनी मंडळं आहेत. दिवसभर शेतात राबून रात्री मंदिरात पेटी काढणारे पेटीमास्तर हे पुलंच्याच जातकुळीतले. सरकारी दवाखान्यात मला या वयाची माणसं दिसतात, पण बहुधा उशिरा. हात-पाय जड पडले, चालणं मंदावलं, तर घरचे म्हणतात, वय झालं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. हात मांडीवर शांत असताना कापतो आणि काम करताना कंप कमी होतो, चालताना एक हात हलत नाही, वास येईनासा झालाय, झोपेत हातपाय झाडले जातात, अशी लक्षणं असतील तर तपासून घ्या. प्रत्येक कंप हा कंपवात नसतो. चहाचा कप उचलतानाच हात थरथरत असेल तर कारण वेगळं असू शकतं. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही, पण लेव्होडोपासारख्या गोळ्यांनी हालचाल बरीच सुधारते. ती गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, कारण डाळी-दुधातली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात. आणि ती आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्यात जिवाला धोका असतो.

भजनातल्या आजोबांची बोटं पेटीवर मागे पडू लागली, तर त्यांना दवाखान्यात घेऊन या. पण मंडळातली त्यांची जागा काढून घेऊ नका. बोटं साथ देईनाशी झाली तरी टाळ त्यांच्या हाती द्या.