संत जेरोम आणि योनाचे झाड

ह्या महोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा आम्ही संत जेरोम यांची निवड केली. त्यास कारण एक झाड आहे. श्रीरामपुराहून हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस पायी जाणाऱ्या भाविकांनी मळ्यांच्या बांधांवर एरंड उभा असलेला पुष्कळदा पाहिला असेल. पंजासारखी रुंद पाने, पोकळ दांडा, आणि पाहता पाहता पुरुषभर उंच होण्याची त्याची ती घाई! ह्या क्षुद्र झाडापायी सोळाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतील एका चर्चमध्ये गलबला उडाला आणि ख्रिस्तसभेच्या दोन महापंडितांत पत्रांची खडाजंगी झाली. वाचकांस हे एरंडाचे गुऱ्हाळ वाटू नये, एवढीच आमची विनंती आहे.

संत जेरोम यांचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास दल्माशिया व पॅनोनिया ह्या रोमन प्रांतांच्या सीमेवर स्ट्रिडोन गावी झाला. आईबाप ख्रिस्ती व सुखवस्तु असल्यामुळे मुलास शिक्षणासाठी रोमला पाठविण्यात आले. तेथे डोनाटस ह्या नामांकित वैयाकरणाच्या हाताखाली त्यांनी लॅटिन वाङ्मयाचे अध्ययन केले, आणि सिसेरोच्या भाषेची त्यांस अशी काही गोडी लागली की तिच्यापुढे संदेष्ट्यांचे ग्रंथ त्यांस ओबडधोबड भासू लागले. पुढे अंत्युखियास असता ते तापाने आजारी पडले. त्या आजारात आपण न्यायासनापुढे उभे आहो, आपण ख्रिस्ताचे नव्हे तर सिसेरोचे अनुयायी आहो असा ठपका आपणांवर येत आहे आणि फटके बसत आहेत, असे स्वप्न त्यांनी पाहिले. त्यानंतर ते सीरियाच्या खाल्किस अरण्यात तपश्चर्येस गेले.

उपासांनी देह झिजला, पण मन आवरेना. तेव्हा मनास लगाम घालण्यासाठी ते ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी गृहस्थापाशी हिब्रू शिकावयास बसले. ती घशातून निघणारी अक्षरे त्यांच्या जिभेस वळत ना. कित्येकदा त्यांनी हताश होऊन अभ्यास सोडला आणि पुनः धरला. प्रौढपणी संस्कृताची रूपे घोकण्याचा प्रसंग ज्यांवर आला असेल, त्यांस ह्या कष्टांची थोडीबहुत कल्पना येईल.

इ. स. ३८२ मध्ये ते रोमला परतले. पोप दमासस यांनी त्यांस आपले चिटणीस नेमले व शुभवर्तमानांचे जुने लॅटिन भाषांतर शुद्ध करण्याचे काम त्यांजकडे सोपविले. विद्वत्ता अलौकिक खरी, परंतु लेखणी अतिशय तिखट! रोममधील चैनी धर्मगुरूंवर त्यांनी असे कोरडे ओढले की शत्रूंस तोटा राहिला नाही. पोप दमासस ३८४ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी जेरोम यांस रोम सोडावे लागले. जाताना त्या नगरास त्यांनी बाबेलची उपमा दिली. हा राग त्यांच्या स्वभावातच होता. रुफिनस ह्या बालमित्राशीही त्यांचे पुढे असेच बिनसले. संतांच्या चरित्रात ही गोष्ट झाकून ठेवावी असे आम्हांस वाटत नाही.

इ. स. ३८६ मध्ये ते बेथलेहेमास स्थायिक झाले. पौला नावाची रोमची धनाढ्य विधवा व तिची कन्या युस्टोकियम ह्याही तेथे येऊन राहिल्या. पौलेच्या द्रव्यातून मठ उभे राहिले आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाली. ही साध्वी स्वतः हिब्रू शिकली व स्तोत्रे हिब्रूतच गाऊ लागली. जेरोम यांस शिकविणारा बरानिनास नावाचा यहुदी आपल्या लोकांच्या भयाने रात्री येत असे. सुमारे पंधरा वर्षे खपून, इ. स. ४०५ च्या सुमारास, जुन्या करारातील हिब्रू ग्रंथांचे लॅटिन भाषांतर सिद्ध झाले. तोवर लॅटिन ख्रिस्ती लोक ग्रीक भाषांतरावरून केलेले भाषांतर वाचीत. जेरोम यांनी पाटाचे पाणी सोडून उगमाचे घेतले. आपल्या महाराष्ट्रातही केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून अवघे बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या व १९२४ साली तो ग्रंथ बाहेर पडला. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. तथापि ही मेहनत काय असते हे मराठी वाचकास त्यांच्यावरून कळते.

आता योनाच्या ग्रंथाचा चौथा अध्याय. मोठ्या माशाची कथा बालकांसही ठाऊक असते; चौथ्या अध्यायाकडे मात्र मोठेही फारसे वळत नाहीत. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने त्यांस क्षमा केली, ह्याचा योनास राग येतो. नगराचे काय होते ते पाहण्यासाठी तो बाहेर मांडव घालून बसतो. देव त्याच्यावर एक झाड वाढवितो. योना त्या सावलीने हर्षतो. पहाटे एक किडा झाडास लागतो, ते वाळते, पूर्वेचा झळाळ वारा सुटतो, आणि योना मरण मागू लागतो. तेव्हा देव त्यास विचारतो की, ज्यासाठी तू श्रम केले नाहीस त्या झाडाची तुला कीव येते, तर उजवेडावे न कळणारी एक लक्ष वीस हजारांहून अधिक माणसे व पुष्कळ गुरे असलेल्या नगराची कीव मी का करू नये? उत्तर ग्रंथात नाही. प्रश्नावरच ग्रंथ संपतो.

त्या झाडाचे हिब्रू नाव किकायोन. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचा भोपळा केला, आणि जुन्या लॅटिनातही भोपळाच आला. रोमच्या भुयारी दफनभूमींत भोपळ्याच्या वेलाखाली निजलेला योना भिंतींवर रंगविलेला आहे; अर्थात् लोकांच्या कानांत आणि डोळ्यांत तोच वेल पिढ्यान्‌पिढ्या बसला होता. जेरोम यांनी भोपळा काढून आयव्ही नावाची वेल घातली. हल्लीच्या लिबियातील त्रिपोलीस तेव्हा ओएया म्हणत. तेथील बिशपांनी हे नवे भाषांतर वाचताच लोक खवळले. ग्रीक मंडळी तर हा खोटेपणा आहे असे ओरडू लागली. बिशपांनी गावच्या यहुद्यांस विचारले, तर त्यांनीही जुन्याच शब्दास दुजोरा दिला. आपले लोक आपणांस सोडून जातील ह्या भीतीने बिशपांनी शब्द बदलला. ही हकिकत संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४०३ मध्ये जेरोम यांस कळविली व ग्रीक परंपरेस धरून राहण्याचा आग्रह केला.

पुढच्या वर्षी जेरोम यांचे उत्तर गेले, आणि ते चांगलेच झणझणीत होते. त्यांनी लिहिले की हे झुडूप पॅलेस्टाइनात रेताड जागी उगवते, त्याची पाने द्राक्षवेलीसारखी रुंद असतात, सावली दाट पडते व ते आपल्याच दांड्यावर उभे राहते. लॅटिनात त्यास नाव नाही. मूळ शब्द तसाच ठेवावा तर कोणास समजणार नाही. म्हणून पूर्वीच्या इतर भाषांतरकारांस अनुसरून आपण वेलीचे नाव घातले. हे वर्णन वाचून आमच्या शेतकरी वाचकांस झाड तत्काळ ओळखता येईल. इजिप्तात एरंडेलास किकी म्हणत, आणि बहुतेक अभ्यासक आज एरंडाचाच पक्ष घेतात. म्हणजे भोपळा चुकला हे जेरोम यांनी बरोबर ओळखले, परंतु त्यांनी घातलेली वेलही बरोबर नव्हती!

आम्हांस मात्र ह्या तंट्यात एक गोष्ट खटकते. ओएयाचे लोक झाडासाठी भांडले. ज्या नगरासाठी ते झाड उगवले त्याची चर्चा त्या गलबल्यात कोठेच दिसत नाही. जेरोम यांनी आपल्या भाष्यात योनाच्या रागाचा विचार केला आहे. निनवे वाचले ह्याचे योनास दुःख नव्हते, परके वाचत असता आपले इस्राएल नाश पावत आहे ह्याचे होते, असा अर्थ त्यांनी लावला. हा अर्थ योनाची बाजू फारच राखतो असे आमचे मत आहे. रागीट माणसास रागीट संदेष्ट्याचा कळवळा आला असेल.

पुढे इ. स. ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटले. ज्या नगरास बाबेल म्हणून ते निघाले होते, त्याची बातमी ऐकून जेरोम दिवसचे दिवस सुन्न झाले. मग बेथलेहेमात निर्वासित येऊ लागले. काल ज्यांच्या घरी धनधान्य भरले होते, ते आज अन्नवस्त्रास मोताद. जेरोम तेव्हा यहेज्केल संदेष्ट्यावर भाष्य लिहीत होते. ते काम त्यांनी बाजूस ठेविले आणि मठाची दारे उघडली. दिवस आलेल्यांच्या सोयीत जाई. रात्री दिव्याच्या उजेडात, अधू झालेल्या डोळ्यांनी, ते पुनः हिब्रू अक्षरांकडे वळत. इ. स. ४१६ मध्ये गुंडांनी मठ जाळले, तरी ते बेथलेहेमातच राहिले. इ. स. ४२० मध्ये, सप्टेंबरच्या तीस तारखेस, त्यांचा अंत झाला. यहेज्केलावरील भाष्य त्यांनी पुरे केले होते. यिर्मयावरील अपुरे राहिले.