आनंदीबाई जोशी: डॉक्टर झाल्या, पण टीबीने गाठलं, तेव्हा शरीरात नेमकं काय होतं?

आनंदीबाई जोशी म्हटलं की आपल्याला आठवते ती साडी नेसून अमेरिकेत डॉक्टर झालेली मराठी मुलगी. पण पदवी मिळाल्यानंतर त्या वर्षभरही जगल्या नाहीत. त्यांच्या मृत्यूचं कारण म्हणून क्षयरोगाचं, म्हणजेच टीबीचं नाव घेतलं जातं. तेव्हा त्यांना २२ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

सुरुवातीपासून पाहू. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचं लग्न गोपाळराव जोशींशी झालं. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते आणि वयाने त्यांच्यापेक्षा साधारण २० वर्षांनी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता, आणि तो अनेकदा जाचाच्या थराला जायचा.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे १० दिवस जगला. बायकांना वेळेवर उपचार मिळत नाहीत, हे त्यांनी स्वतः भोगलं. डॉक्टर व्हायचं त्यांनी ठरवलं ते इथून.

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते वाचलं आणि मदतीचा हात पुढे केला. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, त्याही गोपाळरावांशिवाय. अशक्तपणा, डोकेदुखी, अधूनमधून ताप हे त्रास त्यांना निघण्याआधीच होते.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तिथली थंडी, परकं अन्न आणि अभ्यासाचा ताण यांत तब्येत ढासळत गेली. तरीही मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी त्या एक.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये महिला विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, त्या आजारी अवस्थेतच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

टीबी शरीराला आतून कसा पोखरतो?

रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू शोधल्याचं १८८२ मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा शत्रूचं नाव कळलं होतं, पण त्याला मारणारं औषध नव्हतं.

हा जंतू फुफ्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळतात. त्याला मारण्यासाठी त्या ऑक्सिजनपासून बनलेले अतिशय तिखट रेणू सोडतात. यांनाच आपण ढोबळपणे फ्री रॅडिकल म्हणतो. पण हे हत्यार दुधारी असतं. लढाई लांबली की आपल्याच पेशी भाजून निघायला लागतात. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

ही आग आटोक्यात ठेवतात ते अँटिऑक्सिडंट. त्यातलं ग्लुटाथिओन शरीर स्वतः बनवतं, तर क जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्व जेवणातून येतं. टीबीत दोन्ही बाजूंनी मार बसतो: साठा झपाट्याने खर्च होतो आणि भूक मेल्यामुळे नवा भरला जात नाही. म्हणूनच टीबी रुग्णांच्या रक्तात अँटिऑक्सिडंट निरोगी माणसांपेक्षा कमी आणि पेशींच्या नुकसानीच्या खुणा जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उपचार सुरू झाले की हे चित्र हळूहळू सुधारतं.

आनंदीबाईंचं रक्त तेव्हा कुणी असं तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबाबत आकडे सांगता येत नाहीत. पण टीबीत माणूस खंगत का जातो, याच्या उत्तराचा हा एक भाग नक्की आहे.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्यायच्या का?

नाही. गोळ्यांनी टीबी बरा होत नाही. तो बरा होतो औषधांचा कोर्स पूर्ण केल्यावर. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, तर आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आलं. गंमत म्हणजे फ्री रॅडिकलपासून बचाव करण्यासाठी जंतूकडे कॅटजी नावाचं एक एन्झाइम असतं. आयसोनियाझिड नेमकं त्याच एन्झाइममुळे सक्रिय होतं आणि जंतूला मारतं. शत्रूची ढालच त्याच्यावर उलटते!

पण जेवण मात्र खरंच महत्त्वाचं आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'राशन्स' चाचणीत टीबी रुग्णांच्या घरच्यांना जादा पोषण दिलं गेलं. त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झालं. निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असलेल्या रुग्णाला सरकारकडून महिन्याला १,००० रुपये मिळतात, तेही पोषणासाठीच. २०२४ पर्यंत ही रक्कम ५०० होती.

आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे त्यांची समाधी आहे. ज्या आजारापुढे शिकलेली डॉक्टरही तेव्हा हतबल होती, त्याचे उपचार आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा घटणारं वजन यांपैकी काहीही असेल, तर तपासणी करून घ्या.