दऱ्याखोऱ्यांचे वाटसरू : गो. नी. दांडेकर

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तुमसरहून भंडाऱ्याला बसने आला असाल. खिडकीतून शेते, झाडे, तलाव भराभर मागे जातात. घरी आल्यावर कोणी विचारले, की वाटेत काय पाहिले, तर सांगता येत नाही. पण हाच रस्ता एखादा म्हातारा शेतकरी पायी चालत आला, तर तो किती गोष्टी सांगेल! कोणत्या शेतात धान पिवळे पडले, कोणत्या विहिरीचे पाणी गोड आहे, कोणत्या वळणावर मोहाचे झाड आहे, हे सारे त्याला ठाऊक असते. जो चालतो, त्याला जमीन ओळखते, आणि तोही जमिनीला ओळखतो.

महाराष्ट्रात असा एक लेखक होऊन गेला, की जो आयुष्यभर चालला. डोंगर, किल्ले, नद्या, दऱ्या आणि घळी त्याने पायांनी वाचल्या आणि मग लेखणीने लिहिल्या. त्यांचे नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. सारा महाराष्ट्र त्यांना 'गोनीदा' या लाडक्या नावाने ओळखतो.

गोनीदांचा जन्म 8 जुलै 1916 रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे झाला. म्हणजे ते आपल्या विदर्भाचेच. परतवाड्याला लागूनच अचलपूर हे जुने शहर आहे. एके काळी ते वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते. उत्तरेला सातपुड्याची उंच भिंत उभी आहे. त्या डोंगरात चिखलदरा आणि गाविलगडचा किल्ला आहे. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहिले, की खाली खोल खोल दऱ्या दिसतात. पावसाळ्यात त्या दऱ्यांतून ढग वर येतात. हाच सातपुडा पूर्वेकडे पसरत आपल्या भंडारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेपर्यंत येतो. ज्या डोंगरांच्या पायथ्याशी गोनीदा जन्मले, त्यांचेच भाईबंद आपल्या तुमसर तालुक्यात आहेत.

1930 साली देशात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. महात्मा गांधींनी लोकांना साद घातली. त्या वेळी गोपाळ सातवीत शिकत होता. वय अवघे तेरा वर्षांचे. त्या मुलाच्या मनाने उचल खाल्ली. त्याने शाळा सोडली, घर सोडले आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली.

तेरा वर्षांचा मुलगा घराबाहेर पडला, तर त्याच्या आईवडिलांच्या जिवाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा. त्या मुलाचेही पुढचे दिवस सोपे नव्हते. डोक्यावर छप्पर नाही, खिशात पैसा नाही, उद्याच्या जेवणाची खात्री नाही. शाळेची इमारत सुटली. पण शिकण्याची भूक मात्र सुटली नाही. उलट ती वाढतच गेली. पुढे त्यांना एक थोर शिक्षक भेटले. ते शिक्षक म्हणजे संत गाडगे महाराज.

गाडगे महाराजही अमरावती जिल्ह्याचेच. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचा पोशाख. ज्या गावात जात, त्या गावाचे रस्ते आधी झाडत. रात्री कीर्तन करून लोकांना सांगत, की मुलांना शाळेत घाला, व्यसने सोडा, स्वच्छ राहा, शिवाशिव पाळू नका. तरुण गोपाळ त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडला. त्या भटकंतीत त्याला खेड्यापाड्यांतील माणसे जवळून दिसली. त्यांची गरिबी, त्यांचा मोठेपणा, त्यांची बोली हे सारे त्याच्या कानांत आणि मनात साठत गेले. हीच शिदोरी पुढे लेखक झाल्यावर त्यांना आयुष्यभर पुरली.

यानंतर गोनीदांनी एक फार कठीण गोष्ट केली. त्यांनी नर्मदा नदीची पायी परिक्रमा केली. परिक्रमा म्हणजे नदीला घातलेली पूर्ण फेरी. नर्मदा मध्य प्रदेशात अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे 1312 किलोमीटर वाहत जाऊन गुजरातमध्ये समुद्राला मिळते. परिक्रमा करणारा एका काठाने जातो आणि दुसऱ्या काठाने परततो. म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चाल झाली! मधूनच नदी ओलांडायची नाही, असा नियम. जवळ सामान थोडे. वाटेत गावकरी देतील ते खायचे आणि मिळेल तेथे निजायचे.

या वाटेवर निसर्गाची किती तरी रूपे दिसतात. जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा संगमरवराच्या पांढऱ्या कड्यांमधून वाहते. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मध्ये शांत, खोल पाणी. जवळच धुवांधार नावाचा धबधबा आहे. पाणी इतक्या जोराने कोसळते, की त्याचे तुषार धुरासारखे वर उठतात. म्हणूनच त्याचे नाव धुवांधार. पुढे महाराष्ट्राच्या सीमेजवळ सातपुडा आणि विंध्य हे पर्वत नदीच्या जवळ येतात. तेथे शूलपाणीची झाडी होती. घनदाट जंगल, अवघड पायवाटा आणि लुटले जाण्याची भीती. गरीब वनवासी लोक वाटसरूंच्या जवळचे कपडेलत्ते काढून घेत, असे यात्रेकरू सांगत. तरीही त्या वाटेने लोक जात. कारण त्याच वाटेवर भुकेल्याला आपल्या भाकरीतली अर्धी भाकरी देणारी माणसेही भेटत. पुढे सरदार सरोवर धरणामुळे त्या भागातल्या अनेक जुन्या वाटा आणि गावे पाण्याखाली गेली.

नर्मदेच्या या प्रवासातूनच गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही सुंदर कादंबरी जन्माला आली. ती वाचताना वाचकालाही नर्मदेच्या काठाने चालत असल्यासारखे वाटते.

मुलांनो, येथे थोडे थांबू या. उर्दूत आपण जिला वादी म्हणतो, तिला मराठीत दरी किंवा खोरे म्हणतात. दरी फारच अरुंद आणि खोल असली, दोन्ही बाजूंना उभे कडे असले, तर तिला घळ म्हणतात. घळ कोण तयार करते? पाणी! सह्याद्रीचे खडक ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनले आहेत. ही गोष्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहे. लाव्हारसाचे थरांवर थर साचले. मग पावसाने आणि ओढ्यांनी ते थर हळूहळू कापले. एक थेंब काही करू शकत नाही. पण लाखो वर्षे पडणारे थेंब डोंगर चिरून टाकतात. अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळची सांदण दरी अशीच बनली आहे.

जगात इतर ठिकाणीही घळी आहेत. युरोपातील आल्प्स पर्वताच्या दक्षिण भागात, फ्रान्स देशात, व्हर्दों नावाच्या नदीने चुनखडीचा खडक कापून प्रचंड घळ तयार केली आहे. काही ठिकाणी ती सुमारे 700 मीटर खोल आहे. 1905 साली एदुआर मार्तेल नावाच्या संशोधकाने आपल्या साथीदारांसह ही घळ आतून पार केली. त्या साथीदारांमध्ये जवळच्या खेड्यातील एक शाळामास्तर होते. त्यांचे नाव इझिदोर ब्लां. मार्तेल मोठे संशोधक खरे, पण गावाचा माणूस सोबत असला, की वाट सापडते, हे तेही जाणत होते. आज त्या घळीतील पायवाटेला मार्तेल यांचे नाव दिले आहे.

गोनीदाही आपल्या डोंगरांत असेच गावच्या माणसांना धरून हिंडले. ते पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे राहू लागले. तेथून सह्याद्री जवळ. रायगड, राजगड, तोरणा, राजमाची अशा किल्ल्यांवर ते पुन्हा पुन्हा जात. एकदा पाहिला की किल्ला झाला, असे ते मानत नसत. उन्हाळ्यात किल्ला वेगळा दिसतो, पावसात वेगळा आणि चांदण्यात वेगळा. त्यामुळे ते किल्ल्यांवर मुक्काम करत, जुने बुरूज, टाकी, चोरवाटा पाहत. डोंगरात राहणाऱ्या धनगर, ठाकर आणि कोळी लोकांशी बोलत. त्यांनी किल्ल्यांची छायाचित्रेही काढली. किल्ल्यांवरील त्यांची पुस्तके वाचून महाराष्ट्रातील हजारो तरुण पाठीवर पिशवी टाकून डोंगराची वाट चालू लागले.

1947 च्या सुमारास गोनीदांनी एक निर्णय घेतला. यापुढे केवळ लेखनावर जगायचे! मराठीत पुस्तके लिहून घर चालवणे तेव्हाही सोपे नव्हते आणि आजही सोपे नाही. नोकरीचा पगार दर महिन्याला येतो. लेखकाचे तसे नसते. पण गोनीदा डगमगले नाहीत. रोज लिहीत राहिले आणि वेळ मिळाला, की चालत राहिले.

त्यांच्या कादंबऱ्यांमध्ये डोंगर आणि नद्या नुसत्या देखाव्यासाठी येत नाहीत. त्या माणसांसारख्या जिवंत असतात. 'माचीवरला बुधा' मध्ये मुंबई सोडून राजमाचीवर परत आलेला एक म्हातारा आहे. राजमाचीच्या समोर उल्हास नदीची खोल दरी आहे. त्या दरीच्या काठावर झाडे, पाखरे आणि खारी याच त्या म्हाताऱ्याचे गोत होतात. 'जैत रे जैत' मध्ये नाग्या नावाचा ठाकर तरुण आहे. कड्यावरच्या मधमाश्यांमुळे त्याचा एक डोळा जातो. तरी तो त्या कड्यावर चढायचे सोडत नाही. या कादंबरीवर 1977 साली चित्रपट निघाला. 'पडघवली' मध्ये ओस पडत चाललेल्या कोकणातील गावाचे दुःख आहे. 'आम्ही भगीरथाचे पुत्र' मध्ये भाक्रा नांगल धरण बांधणाऱ्या माणसांची कथा आहे. आणि 'पूर्णामायची लेकरं' मध्ये तर आपली वऱ्हाडी बोली आहे!

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. खेडुतांची बोली ही अशुद्ध भाषा आहे, असे पुष्कळ लोक समजतात. गोनीदांनी तसे मानले नाही. कोकणातला माणूस कोकणी वळणाचे बोलतो, मावळातला मावळी बोलतो, वऱ्हाडातला वऱ्हाडी बोलतो. प्रत्येक बोलीत गोडवा आहे. माणसाला मान द्यायचा असेल, तर आधी त्याच्या बोलीला मान द्यावा लागतो. आपण घरी उर्दू बोलतो आणि शाळेत मराठी शिकतो. गोनीदांचा हा धडा आपल्याला लवकर समजेल.

'स्मरणगाथा' या त्यांच्या आत्मकथनात्मक पुस्तकाला 1976 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1981 साली अकोल्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. विचार करा, सातवीत शाळा सोडलेला वऱ्हाडचा मुलगा वऱ्हाडातच भरलेल्या संमेलनाचा अध्यक्ष झाला! 1 जून 1998 रोजी हा थकून न थांबणारा वाटसरू जगाचा निरोप घेऊन गेला.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. गोनीदांनी शाळा सोडली आणि ते मोठे झाले. मग आपणही शाळा सोडावी काय? मुळीच नाही. त्यांनी देशासाठी शाळा सोडली. कंटाळा आला म्हणून किंवा अभ्यास नको म्हणून नव्हे. आणि शाळा सोडल्यावर त्यांनी एक दिवसही शिकणे सोडले नाही. गाडगे महाराज गावोगाव मुलांना शाळेत घाला, असेच सांगत होते, आणि गोनीदा त्यांचे शिष्य होते. आज आपल्याला शाळाही आहे आणि डोंगरही आहेत. मग दोन्हीकडून का शिकू नये?

आपल्या जिल्ह्यातच पाहा. तुमसर तालुक्यात आंबागड नावाचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, सुमारे 1700 साली, त्याचा सरदार राजे खान पठाण याने तो बांधला असे सांगतात. याच बख्त बुलंद शाहने नागपूर शहर वसवले. गायमुखचा झरा आणि डोंगरही त्याच तालुक्यात आहेत. वैनगंगा तर आपल्या दाराशीच आहे. पवनीला जुना कोट आहे. आपल्यापैकी किती जणांनी ही ठिकाणे चालत पाहिली आहेत? वैनगंगेच्या पाण्याचा रंग कोणत्या महिन्यात बदलतो, हे किती जणांना सांगता येईल? नदीत घाण टाकली, तर ती पुढच्या गावाच्या घागरीत जाते, हे जो नदीकाठाने चालतो त्याला कोणी शिकवावे लागत नाही. जो चालत नाही, त्याला नदी म्हणजे पुलावरून क्षणभर दिसणारे पाणी.

तेव्हा मित्रांनो, येत्या हिवाळ्यात आपल्या गुरुजींबरोबर आणि घरच्यांची परवानगी घेऊन एखादा डोंगर पायी पाहा. सोबत पाण्याची बाटली, भाकरी आणि वही घ्या. भिंतीवर नावे कोरू नका. कचरा परत आणा. वाटेत गुराखी भेटला, तर त्याला सलाम करा आणि त्या डोंगराचे, ओढ्याचे नाव विचारा. ते नाव वहीत लिहून ठेवा. गोनीदांनीही आयुष्यभर याहून वेगळे काही केले नाही.

स्वाध्याय

1. गोनीदांनी शाळा कधी व का सोडली?
2. घळ कशी तयार होते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
3. नर्मदा परिक्रमा कठीण का होती?
4. बोलीभाषेबद्दल गोनीदांचा विचार काय होता? तुम्हाला तो पटतो काय?
5. तुमच्या गावाजवळील डोंगर, तलाव किंवा नदी पायी पाहा आणि दहा ओळी लिहा.