डॉ. कोटणीस आणि विषारी वायूचा हिशेब

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा सोलापूरकरांना अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. परंतु त्यांच्या त्यागाची थोरवी गाताना ते ज्या युद्धात उतरले त्याचे स्वरूप आपण सहसा ध्यानात घेत नाही. त्या युद्धात चिनी जनतेवर विषारी वायू सोडण्यात आला होता.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईत वैद्यकाचे शिक्षण घेतले. काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठविण्याचे ठरविले तेव्हा सप्टेंबर १९३८ मध्ये निघालेल्या पाच डॉक्टरांत ते होते. पथक पोचले त्या सुमारास वुहानची लढाई पेटली होती आणि जपानी सैन्य तेथे विषारी वायू वारंवार वापरीत होते.

वास्तविक १९२५ च्या जिनिव्हा कराराने अशा वायूंच्या वापरास बंदी केली होती. जपानने त्यावर सही केली, पण अंतिम मान्यता १९७० पर्यंत दिली नाही. राष्ट्रसंघाने मे १९३८ मध्ये ठराव केला आणि तेवढ्यावर समाधान मानले. युरोपातील बलाढ्य राष्ट्रांनी पुढे वायूचे प्रचंड साठे बाळगूनही रणांगणावर ते आवरून धरले, कारण शत्रूजवळही तेच अस्त्र होते. चीनजवळ प्रत्युत्तराचे साधन नव्हते. जेथे किंमत मोजावी लागणार होती तेथे संयम पाळला गेला. जेथे ती मोजावी लागणार नव्हती तेथे तो सुटला.

कोटणीस मात्र निर्बळांच्याच बाजूस राहिले. १९३९ च्या अखेरीस ते उत्तर चीनमधील आघाडीकडे गेले, चिनी भाषा शिकले आणि जानेवारी १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले. तेथील परिचारिका को चिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याच वर्षी २७ मे रोजी, त्यांचे कार्यक्षेत्र असलेल्या हेबेई प्रांतात, बेईतान गावच्या भुयारांत आसरा घेतलेल्या शेकडो माणसांचा जपानी सैन्याने वायू सोडून बळी घेतला.

नंतर थोड्याच दिवसांत, जूनमध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हा प्रकार चालू राहिल्यास तशाच अस्त्राने उत्तर देण्याचा इशारा जपानला दिला. खरा पेच येथेच आहे. विष थांबविण्यासाठी विषाची धमकी द्यावी काय? गप्प बसावे तर दुर्बलांना वाऱ्यावर सोडल्यासारखे होते; धमकी द्यावी तर त्या अस्त्राला मान्यता दिल्यासारखे होते. राज्यकर्त्यांना हा प्रश्न टाळता येत नाही आणि त्याचे निष्कलंक उत्तरही सापडत नाही.

९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. युद्धानंतर टोकियोच्या न्यायासनापुढे अनेक युद्धगुन्ह्यांची झडती झाली, पण वायूच्या वापराचा जाब विचारला गेला नाही.

१९९३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ही अस्त्रे बाळगण्यासही मनाई केली आणि तपासणीची व्यवस्था केली. भारताने त्यानुसार आपला घोषित साठा २००९ पर्यंत नष्ट केला. तरीही २०१३ मध्ये सीरियात नागरिकांवर विषारी वायू सोडला गेलाच. प्रतिकाराच्या भयावर उभी असलेली नीती दुर्बलांपाशी येताच कोसळते, हाच याचा अर्थ होय. दुर्बलांच्या वतीने जाब विचारणारी यंत्रणा हवी, आणि ती उभी राहीपर्यंत कोटणीसांसारखी माणसे हवीत. १९३० साली लष्करी कायदा सोसलेल्या सोलापूरला हे निराळे सांगण्याची गरज नसावी.