एकोणीस मृत्यू आणि एक बाटली

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव मुंबईकरांना परिचयाचं आहे. पण ज्यांच्या नावानं ही संस्था ओळखली जाते, त्या वाल्देमार हाफकिन यांना आयुष्याची उमेदीची वर्षं एका आरोपाशी झगडण्यात घालवावी लागली, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. जीवशास्त्राचं शिक्षण घेऊन ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले, तेही सहायक ग्रंथपाल म्हणून. उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये तिचा पहिला प्रयोग स्वतःवर केला. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगनं थैमान घातलं, तेव्हा सरकारनं हाफकिन यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत तीन महिन्यांच्या आत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि लस देशभर जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात (आता हे गाव पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचण्यात आली. काही दिवसांत त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या एकोणीस जणांना एकाच बाटलीतून लस दिलेली होती. इतर बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

चौकशी समितीनं ठपका ठेवला तो परळच्या प्रयोगशाळेवर. मागणी प्रचंड असल्यानं लस लवकर तयार व्हावी, म्हणून हाफकिन यांनी तिच्यात कार्बोलिक ॲसिड घालण्याची पायरी वगळली होती. ते निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर विसंबले होते. ही पद्धत पाश्चर संस्थेत आधीपासून रुळलेली होती. पण इथल्या अधिकाऱ्यांना ती बेफिकिरी वाटली. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आलं. लोकांचा लशीवरचा विश्वास डळमळला आणि तोही प्लेग पंजाबात बळी घेत असताना.

एक गोष्ट मात्र साक्षीपुराव्यात आधीपासून होती. बाटली उघडण्याआधी सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, कार्बोलिकच्या पाण्यात जेमतेम बुडवून त्यानंच बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली भरून ४१ दिवस झाले होते. जंतू आधीपासून आत असते, तर एवढ्या दिवसांत ते वाढून उघडताक्षणी दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. म्हणजे दोष बहुधा परळच्या प्रयोगशाळेत नसून गावात बाटली उघडताना घडला होता.

मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समधून हे मुद्दे जाहीरपणे मांडले. त्याच वर्षी हाफकिन आरोपातून मुक्त झाले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव देण्यात आलं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं त्यांचं निधन झालं.

मुलकोवालचे ते एकोणीस जीव काही केल्या परत येणार नव्हते, आणि त्यांच्या मृत्यूचं खरं कारण शोधणं हेच त्यांना देणं होतं. लस शुद्ध असली तरी ती उघडणारा हात, चिमटा, सुई यांतून धोका शिरू शकतो. म्हणूनच आज एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंज असतात. गोवराच्या किंवा बीसीजीच्या लशीची कुपी द्रावण मिसळल्यावर चार तासांत टाकून दिली जाते, मग आत कितीही डोस उरलेले असोत. पुष्कळांना ही नासाडी वाटते. लस घेतल्यावर केंद्रावर अर्धा तास थांबायला सांगतात, तेव्हाही आपल्याला घाई असते.

पुढच्या वेळी तो अर्धा तास थांबा. घरी गेल्यावर काही वेगळं जाणवलं, तर केंद्राला जरूर कळवा. क्वचित घडणाऱ्या अपायाचं खरं कारण शोधायचं, तर सुरुवात अशा नोंदीपासूनच होते.